मदत हवी आहे: हवाईची पांढरी सुगंधी जास्वंद थंडीत कशी टिकवावी?

नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीत, जुळे सोलापुरात, हवाईची पांढरी जास्वंद (हिबिस्कस अर्नॉटियानस) कुंडीत आहे. मूळची ओआहू आणि मोलोकाई बेटांवरच्या दमट जंगलातली. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, मधला दांडा लालसर आणि मंद वास! वास असलेली जास्वंद फार दुर्मिळ, म्हणून जीव अडकलाय.

गड्ड्याच्या जत्रेच्या (संक्रांतीच्या) सुमारास रात्री गारठा वाढतो, कोरडं वारं सुटतं आणि कळ्या न उमलताच गळतात. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता वाटते, कारण बोअरचं पाणी जड आहे, कुंडीवर पांढरे क्षार साचतात. काळी माती न वापरता कोकोपीट, शेणखत आणि वाळू घातली आहे.

थंडीत पाणी किती कमी करावं? रात्री कुंडी आत घ्यावी की भिंतीच्या आडोशाला पुरेल? चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येणारं लोह) थंडीतच द्यावं की नवी फूट आल्यावर? आणि मुख्य म्हणजे, आपल्या लाल गावरान जास्वंदीवर हिचं कलम कोणी बांधलंय का? गावरान मुळं आपलं पाणी-माती सोसतील असं वाटतं. छाटणी न करता कलमाला काडी कोणत्या महिन्यात घ्यावी, तेही सांगा. उन्हाळ्यासाठी हिरवी जाळी आहेच.