मदत हवी आहे: चुनखडीच्या जमिनीत वाइन द्राक्षासाठी खुंट (ज्यावर कलम करतात ते मुळांचे रोप) कोणता घ्यावा?

नमस्कार. आमची शेती बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंचीच्या बागा पाहून आम्ही भावांनी दीड एकरावर द्राक्ष लावण्याचे ठरवले आहे. खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाइनचे वाण घ्यावेत असे माझे मत आहे, कारण त्यात मणी फुगवण्यासाठी जिबरेलिक आम्ल द्यावे लागत नाही, विरळणीही फारशी नसते, आणि ऐन हंगामात आमच्याकडचे मजूर हरभऱ्याच्या सोंगणीत अडकलेले असतात.

अडचण जमिनीची आहे. वर दीड फूट काळी माती आणि खाली पांढरी चुनखडी आहे. खड्ड्याच्या तळातील ढेकळावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकले तर लगेच फेस येतो. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.४ आला आहे. गेल्या वर्षी बांधालगत डॉगरिज खुंटावर कलम भरलेल्या बारा वेलींची शेंड्याकडची पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. फेरस सल्फेटच्या फवारणीने ती पाने सुधारली, पण पुढची फूट पुन्हा पिवळीच निघाली. अशा जमिनीत ११० आर हा खुंट टिकतो का, हे प्रत्यक्ष बाग असलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरी काळजी घडनिर्मितीची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या आखूड कापण्याची उन्हाळी छाटणी) साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यांमध्ये घड ठरतो आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे कडक उन्हाळा असतो. छाटणी मार्चअखेरीस घेतल्यास, किंवा सबकेन करून (शेंडा खुडून बाजूच्या फुटीची काडी घेऊन) काड्या ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, मोकळ्या ठेवल्यास, काही फरक पडतो का?

पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ आम्हाला जवळ आहे. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो किंवा शेनिन ब्लाँ यांच्या चाचण्या विदर्भाच्या हवामानात कोणी घेतल्या असतील, तर त्यांचे निष्कर्ष पाहायला मला आवडतील. उष्ण रात्रींमुळे रसातील आम्लता लवकर उतरते, म्हणून नाशिकच्या अनुभवावर पूर्ण विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. शिवाय वायनरी बहुतेक तिकडेच असल्याने, इतक्या दुरून माल घेण्याचा लेखी करार कोणी केला असल्यास त्यातील अटीही कळवाव्यात.

फेब्रुवारीत खुंट लावून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरायचे आहे. रोपवाटिकेकडे मागणी त्याआधी नोंदवावी लागेल, म्हणून निदान खुंटाबाबतचे उत्तर लवकर मिळावे ही विनंती.