साक्षीदाराला बंदूकधारी पहारा हवा, की लवकर सुटका?

मधली ओळ (धागाकर्ता)

साक्षीदार संरक्षण म्हटलं की लोकांना नवं नाव, नवं गाव, दाराशी पहारा एवढंच आठवतं. हा अमेरिकेच्या कार्यक्रमाचा प्रभाव. 1970 च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून तो उभा राहिला आणि तिथल्या मार्शल सेवेने (केंद्र सरकारचं पोलीस दल) आजवर 19,000 हून जास्त साक्षीदार व त्यांचे कुटुंबीय सांभाळले. पण त्या साक्षीदारांपैकी बहुतेक जण टोळ्यांमधूनच फुटलेले. ज्याने खिडकीतून खून पाहिला, त्याला आपलं आयुष्य पुसून टाकायचं नसतं. त्याला साक्ष देऊन दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

माझा मुद्दा साधा आहे. साक्ष व्हायची बाकी आहे तोवरच धमकी देण्यात आरोपीचा फायदा. खटला पाच-सात वर्षं लांबला, तर दबाव टाकायला तेवढा अवधी आपणच देतो. त्यामुळे हिंसक गुन्ह्यांत साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) आणि उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) दोन्ही अटकेनंतर लवकरात लवकर न्यायाधीशापुढे चित्रित करून घ्यावी, आणि खटल्यात तोच पुरावा धरावा. इटलीच्या 1988 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही सोय आहे. साक्षीदारावर धमकीचा किंवा पैशाचा दबाव येतोय असं मानायला ठोस कारण असेल, तर खटल्याआधीच दोन्ही बाजूंसमोर साक्ष नोंदवता येते. भारतात दंडाधिकाऱ्यापुढे जबाब होतो खरा, पण तिथे उलटतपासणी नसते. त्यामुळे तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही आणि साक्षीदार फितूर झाला की त्या कागदावर एकट्याने शिक्षा होत नाही.

काळा डगला

मी बचाव पक्षाची कामं करतो, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

अटकेनंतर लगेच उलटतपासणी घ्यायची म्हणता, पण कशाच्या आधारावर? तेव्हा न्यायवैद्यक अहवाल आलेला नसतो, फोनचे तपशील नसतात, बाकीच्या साक्षीदारांचे जबाब हातात नसतात. साक्षीदार म्हणतो, दिव्याच्या उजेडात चेहरा पाहिला. सहा महिन्यांनी कळतं की त्या रात्री वीजच नव्हती. तो प्रश्न मी कुणाला विचारू, चित्रफितीला? 'मग पुन्हा बोलवा' म्हणाल. ठीक, पण पुन्हा बोलवता येत असेल तर तुमची धमकी संपली कुठे?

तिरकस

डगलेसाहेब, प्रत्येक उपायात खोट दाखवणं हा तुमचा धंदाच आहे. मला सांगा, साक्षीदाराचं नाव आरोपीला कळायलाच का हवं? पडद्यामागे बसवा, आवाज बदला, मिटलं.

काळा डगला

मिटत नाही. इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं होतं. 2002 च्या नववर्षाच्या पार्टीत दोन माणसं गोळ्या घालून मारली गेली. आरोपीला ओळखणाऱ्या साक्षीदारांनी नाव लपवून, आवाज बदलून साक्ष दिली आणि शिक्षा झाली. आरोपीचं म्हणणं होतं की जुन्या मैत्रिणीने त्याच्याविरुद्ध खोटं उभं केलंय. आता साक्षीदार कोण हेच माहीत नसताना त्याचा त्या बाईशी काही संबंध आहे का, हे वकिलाने विचारायचं कसं? 2008 च्या जूनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती शिक्षा रद्द केली.

मधली ओळ

पुढची गोष्टही सांगा की. जुलै 2008 मध्येच संसदेने कायदा करून निनावी साक्षीला पुन्हा वाट दिली, फक्त न्यायालयाच्या परवानगीची आणि अटींची चौकट घालून. म्हणजे तत्त्व तुमचं टिकलं आणि सरकारने महिनाभरात त्याला वळसा घातला! तरीही निनावी साक्षीच्या बाबतीत मी डगलेसाहेबांच्याच बाजूचा. शेजाऱ्याची साक्ष निनावी राहतच नाही. 'दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं' एवढ्यावर आरोपीला कळतं कोण ते.

निरुपाय

मधली ओळ, तुमच्या मांडणीत एक गृहीतक लपलंय: धमकी फक्त साक्ष पुसण्यासाठी असते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 2002 साली एका बाईने घराजवळच्या अमली पदार्थ विक्रेत्यांची पोलिसांकडे वारंवार तक्रार केली. रात्री घर पेटवलं गेलं. ती, तिचा नवरा, पाच मुलं, सगळे गेले. असा सूड बाकीच्या गल्लीला दाखवण्यासाठी असतो. चित्रफीत तिजोरीत सुरक्षित आहे, याने त्या गल्लीतल्या कुणाला धीर येणार?

शिवाय तिथे अजून साक्षीपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. संरक्षण पहिल्या फोनपासून लागतं.

मधली ओळ

हे मान्य, माझा उपाय तिथवर पोचत नाही. पण प्रत्येक खुनामागे टोळी नसते. कितीतरी खटल्यांत आरोपीला फक्त सुटायचं असतं, शहराला धडा शिकवायचा नसतो. तिथे पोचतो.

जिना उतरताना

मी मारहाणीच्या एका गंभीर खटल्यात साक्ष दिली आहे. धमकी वगैरे कुणी दिली नाही. बाहेरच्या बाकावर आरोपीचे भाऊ माझ्या शेजारी बसायचे, एवढंच. दरवेळी 'आज होणार नाही' ऐकून परत. शेवटी आठवण इतकी पुसट झाली होती की वकिलाने 'शर्ट कुठल्या रंगाचा' विचारलं तेव्हा मी खरंच गोंधळले. फितूर होणाऱ्यांतले सगळे विकले गेलेले नसतात हो. काही नुसते कंटाळलेले असतात. वेगळी खोली आणि पाळली जाणारी तारीख, एवढं मिळालं असतं तरी मला पुष्कळ होतं.

तिरकस

मग बक्षीस द्या ना चांगलं घसघशीत. लोक धावत येतील.

काळा डगला

या, जरूर या. 'साहेब, शिक्षा झाली तर तुम्हाला किती मिळणार?' हा माझा पहिला प्रश्न असेल. खबरीसाठी बक्षीस ठीक आहे, तो फक्त पोलिसांना दिशा देतो. साक्षीला बक्षीस लावलं की त्या साक्षीचं वजन तिथेच उतरलं. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी जरूर द्या, वेळेवर द्या. त्यावर मी अवाक्षर काढणार नाही.

निरुपाय

भारताच्या 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेबद्दल कुणीच बोललं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती, पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा, सगळं छान. पण संरक्षणाचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. खटला वर्षानुवर्षांचा. आणि अहवाल लिहिणार तेच स्थानिक पोलीस, ज्यांच्यावर साक्षीदाराचा भरवसा असेलच असं नाही.

मधली ओळ

म्हणूनच म्हणतो, खटल्याइतकं संरक्षण लांबवता येत नसेल तर साक्ष अलीकडे आणा. आणि डगलेसाहेब, तुमच्या वीज नसलेल्या रात्रीला माझं उत्तर: नवा पुरावा निघाला, तर तेवढ्याच मुद्द्यापुरतं पुन्हा बोलवा. तोवर साक्षीदार गायब झाला आणि त्यामागे आरोपीचाच हात सिद्ध झाला, तर उलटतपासणीचा त्याचा हक्क गेला. अमेरिकेत हे तत्त्व आहे.

काळा डगला

आहे, पण अर्धंच सांगितलंत. 2008 मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की साक्ष रोखण्याच्याच हेतूने ते केलं, हे दाखवावं लागतं. नुसता हात पुरत नाही. आता साक्षीदार गायब असताना तो हेतू तुम्ही कुणाच्या साक्षीने सिद्ध करणार?