कॅल्गरी स्टॅम्पीड: प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे अनुभव

कॅनडातील कॅल्गरी येथे दर जुलैमध्ये दहा दिवस भरणारा स्टॅम्पीड, म्हणजे काउबॉयांच्या खेळांचा आणि शर्यतींचा महोत्सव, ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. गाय वेडिक यांनी चार स्थानिक धनिकांच्या पाठबळावर १९१२ मध्ये पहिला स्टॅम्पीड भरवला. १९२३ मध्ये तो शहराच्या प्रदर्शनाशी जोडला गेला आणि वार्षिक झाला. तिथे नेमके काय पाहावे, हे नव्याने जाणाऱ्यांना आपल्या लिहिण्यातून कळावे.

(कॅल्गरीत स्थायिक)
रोडिओसाठी, म्हणजे उसळत्या घोड्या-बैलांवर टिकून बसण्यासारख्या स्पर्धांसाठी, दुपारचे तिकीट काढावे आणि जमल्यास शूटसमोरची, म्हणजे जनावरे ज्या अरुंद कप्प्यांतून मैदानात सुटतात त्यांच्या समोरची, जागा घ्यावी. बैलावर बसणारा स्वार दोरावर राळ चोळून हातमोज्यातली मूठ त्यात कशी आवळतो, हे तिथून स्पष्ट दिसते. आठ सेकंद तग धरायचा, तोही एकाच हाताने. मोकळा हात जनावराला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की स्वार बाद. शंभरापैकी निम्मे गुण जनावराच्या उसळण्याला असतात, त्यामुळे मवाळ जनावर वाट्याला आले तर कसलेला स्वारही मागे पडतो. मला मात्र सर्वाधिक आदर वाटतो तो पिकअप रायडरांचा. भोंगा वाजताच हे दोन घोडेस्वार उधळलेल्या घोड्याला दोन्ही बाजूंनी भिडतात, पोटामागचा पट्टा सैल करतात आणि स्वार त्यांच्यापैकी एकाला धरून सुखरूप खाली उतरतो. प्रेक्षकांची नजर तोवर गुणफलकाकडे वळलेली असते. आपण ती वळवू नये.

(एडमंटनहून आलेली)
मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एल्बो रिव्हर कॅम्पसाठी निवांत वेळ ठेवावा. सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सूतिना आणि स्टोनी नाकोडा या मूलनिवासी समाजांची कुटुंबे तिथे आपापल्या टिपी, म्हणजे शंकूच्या आकाराचे तंबू, उभारून राहतात आणि प्रश्नांची उत्तरे आपुलकीने देतात. पहिल्याच स्टॅम्पीडमध्ये सायक्लोन नावाच्या दांडग्या घोड्यावर टिकून जिंकलेले टॉम थ्री पर्सन्स हे काइनाईच होते, ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावी.

(मूळ गाव जुन्नर तालुक्यात)
संध्याकाळच्या चकवॅगन शर्यतीला, म्हणजे चार घोड्यांच्या गाड्यांच्या शर्यतीला, मी आता जात नाही. २०१९ मध्ये या शर्यतींत सहा घोडे दगावले. आमच्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात गावाची तगमग मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे परंपरा जपणाऱ्यांचे मन मला समजते. तरीही परंपरा टिकवायची तर जनावराच्या जिवाची जबाबदारी आयोजकांनी आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. हाच प्रश्न मी गावीही विचारतो.

(आईवडिलांसह गेलेली)
शहरभर ठिकठिकाणी सकाळी मोफत पॅनकेक वाटतात. त्यांत बहुधा अंडे असते, त्यामुळे अंडे न खाणाऱ्या ज्येष्ठांसाठी घरून डबा घ्यावा. गाडी नेऊ नये. सी-ट्रेनने, म्हणजे शहरातल्या लोकल रेल्वेने, व्हिक्टोरिया पार्क स्थानकावर उतरावे, तिथून प्रवेशद्वार जवळ आहे.