मदत हवी आहे: खाऱ्या हवेत टिकेल असा खिशातला छोटा मल्टिटूल चाकू

मालवणात राहतो, रोज खिशात ठेवायला छोटा मल्टिटूल चाकू हवाय. कामं साधीच, आंब्याच्या पेटीची सुतळी, होडीवरचा नायलॉनचा दोर, एखादा स्क्रू आवळणं आणि मध्येच कैरी कापणं. बाजारातला एक स्वस्तातला वापरला, पातं ठीक राहिलं पण पावसाळ्यात सांध्यातली स्प्रिंग गंजून घट्ट बसली, खोबरेल तेल घालून बघितलं तर ते चिकट होऊन उलट रेती धरतं. पक्कडवाला नको, खिसा ओढतो. आता व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकू कंपनीचा ५८ मिमीचा क्लासिक (कात्री आहे, पातं मात्र फारच लहान) आणि ८४ मिमीचा अ‍ॅलॉक्स कॅडेट (अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा, पातं चांगलं, कात्री नाही) यात अडकलोय. समुद्राजवळ रोज वापरणाऱ्यांनी सांगा, यातला कुठला सांध्यात कमी अडकतो, आणि त्याच पात्याने खायचं कापायचं असेल तर आत तेल कुठलं घालू?