पाळीची अनियमितता आणि एंडोमेट्रिओसिस

पाळी महिनोन्‌महिने लांबत राहिल्यामुळेच आपल्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) झाला, असे एका ताईंनी लिहिले आहे. मात्र अभ्यासांतून दिसणारा कल जवळजवळ उलट आहे. सत्तावीस दिवसांहून कमी अंतराने येणारी, बरेच दिवस टिकणारी व अंगावरून जास्त जाणारी पाळी, तसेच लहान वयात सुरू झालेली पाळी, यांच्याशी या आजाराचा संबंध अधिक आढळतो.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात उतरते आणि त्यातील अस्तराच्या पेशी अंडाशयावर किंवा पोटातील आवरणावर रुजतात, त्यामुळे पाळी जितकी वारंवार व जास्त, तितकी ही संधी वाढते. अर्थात, असे रक्त बहुतेक स्त्रियांत उलट जाते आणि आजार मात्र साधारण दहा टक्क्यांनाच होतो. म्हणजे आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती व इस्ट्रोजेन हे संप्रेरक यांचाही वाटा असणारच. लांबणाऱ्या पाळीमागे पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनाचा अंडाशयाशी निगडित विकार) वा थायरॉइडचा त्रास असू शकतो, ती तपासणी वेगळी.

आपल्या नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात दाखवायला जाताना पाळीच्या तारखा, रक्तस्रावाचे दिवस आणि शौचाच्या वा संबंधांच्या वेळी होणाऱ्या वेदना लिहून न्याव्यात. ‘लग्नानंतर थांबेल’ हा घरचा सल्ला (तो प्रत्येक घरात तयारच असतो) ऐकून थांबू नये. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी अवयवांच्या पृष्ठभागावरचे या आजाराचे बारीक ठिपके तिच्यात बहुधा दिसत नाहीत, हे डॉक्टरांशी जरूर बोलावे.