वेताळाच्या डोळ्यांत बुबुळं नाहीत, मग तो भडकलाय हे कळतं कसं?

परळचा_पोपट:
परवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक जुना अंक सापडला, वेताळाचा, म्हणजे आपला मुखवटेवाला फँटम. पिना गंजलेल्या, आत कुणीतरी बॉलपेनने डायनाला, म्हणजे वेताळाच्या नायिकेला, मिशा काढलेल्या. ऐंशी म्हणाला, पन्नासला दिला. लोकलमध्ये उभ्यानेच वाचला. एका चौकटीत वेताळ नुसता दारात उभा आहे, तोंडून अक्षर नाही, आणि समोरच्या गुंडांची तंतरलेली. मुखवट्याच्या फटींत नुसतं पांढरं! तरी तो पेटलाय हे कळतं. कसं जमवलंय हे?

ठाकुरद्वारचे_काका:
चित्र बहुतेक साय बॅरीचं असणार, वेताळाच्या पट्ट्या काढणारा चित्रकार. अंगठ्याने चेहरा झाकून बघ. राग डोळ्यांत नाहीच, मानेत आहे. हनुवटी खाली, खांदे पुढे, अर्धं अंग काळ्या शाईत. माझे वडील छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर होते, त्यांच्या भिंगातून मी हे अंक तासन्‌तास बघायचो. रंग म्हणजे नुसते ठिपके, तेही सरकलेले. माझ्या एका अंकात डायनाच्या ओठांचा लाल गालावर गेलाय. पण काळी रेघ इतकी पक्की की रंग कुठेही जावो, वेताळ जागचा हलत नाही. हल्ली संगणकावर गुळगुळीत रंगवलेली पानं बघितली की मला तरी बाहुले वाटतात.
बुबुळांचं म्हणशील तर वेताळाचा जनक ली फॉक, त्याला ते ग्रीक पुतळ्यांवरून सुचलं. १९३६ सालची गोष्ट.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
गोष्टीची गंमत विसरू नका. मुळात ती पेपरातली रोजची पट्टी. तीन-चार चौकटींत कालचं आठवून द्यायचं नि उद्यासाठी काहीतरी लटकवायचं. इंद्रजालवाल्यांनी त्या पट्ट्या पानात बसवल्या, म्हणून दर चौथ्या चौकटीला जीव टांगणीला! जागेपायी चित्रांच्या कडाही छाटायचे, ते मात्र खटकतं.

ठाकुरद्वारचे_काका:
खरंय. आणि पोपटराव, कव्हर शाबूत असेल तर जपा. बरीचशी आपल्या बी. गोविंद यांनी रंगवलेली. १९७६ मध्ये आलेल्या ‘बहादूर’ या इंद्रजालच्या देशी नायकाची चित्रं काढणारे तेच.

परळचा_पोपट:
काका, अंगठा ठेवून बघितलं. बिनचेहऱ्याचाही चिडलेलाच! कव्हर चिकटपट्टीने जोडू का?

ठाकुरद्वारचे_काका:
अजिबात नको! पिवळी पडते, कागद खाते. खळ लाव, पातळ. मिशा राहू दे.