वाचनकक्षात स्वतःची पुस्तके नेऊ देत नाहीत, काय करावे?

प्रश्न (एम.ए.ची विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)
मी तालुक्याच्या महाविद्यालयात शिकते आणि गावाहून रोज एसटीने ये-जा करते. तास दीडला संपतात, परतीची बस सव्वापाचला असते. मधला वेळच काय तो माझ्या अभ्यासाचा, कारण घरी समोरच्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला आहे, भाव येईपर्यंत तो हलणार नाही, आणि उरलेल्या एका खोलीत स्वयंपाक, टीव्ही आणि लहान भावंडे असतात. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मात्र स्वतःची पुस्तके नेण्यास मनाई आहे आणि तो चारलाच बंद होतो. आम्ही सात-आठ मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचतो. इतरत्र काय व्यवस्था आहे आणि हा विषय कोणाकडे मांडावा?

उत्तर १ (ग्रंथपाल, बुलडाणा जिल्हा)
बाहेरची पुस्तके आत आली की कोणते पुस्तक कोणाचे हे दारावर तपासत बसावे लागते आणि ग्रंथपडताळणीत प्रती कमी भरल्या तर जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. मनाई त्यातून येते. कपाटे आणि बाके एकाच दालनात असली की ही अडचण अटळ आहे. आमच्याकडे कपाटांपुढे जाळीचे दार बसवले, देवघेव खिडकीतून सुरू केली आणि पुढचा भाग अभ्यासिका म्हणून मोकळा केला. त्यानंतर प्रवेश नोंदवहीत दुपारच्या सह्या वाढल्या, पण त्यांतील बहुतेक जण आमचे एकही पुस्तक मागत नाहीत. काही सहकारी याला ग्रंथालयाचा वापर मानत नाहीत. मला ते पटत नाही. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसेवेवरील ई-पुस्तके आज घरबसल्या मोबाइलवर उघडतात. टेबल, पंखा आणि शांतता यांसाठी मात्र विद्यार्थ्याला आमच्याकडेच यावे लागते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे सांगते, आणि ही वाढ केवळ कपाटांची नसावी असे मी मानतो.

उत्तर २ (बी.एस्सी.चा विद्यार्थी, चंद्रपूर जिल्हा)
ताई, सर्वांनाच शांतता हवी असते असे नाही. आम्ही चौघे मिळून गणिते सोडवतो, त्यामुळे अभ्यासिकेतून आम्हाला उठवले जाते. तास संपल्यावर रिकामी राहणारी एक वर्गखोली बोलून अभ्यास करणाऱ्यांसाठी उघडी ठेवावी, एवढीच आमची मागणी आहे. उन्हाळ्यात तर कूलरजवळच्या बाकांवर सकाळीच दप्तरे ठेवलेली असतात आणि त्यांचे मालक दुपारी उगवतात. जागा अडवण्याविरुद्धही नियम हवा.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक, वाशीम जिल्हा)
महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समिती असते. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि तो या समितीपुढे ठेवण्याची विनंती करा. तक्रारीच्या सुरात लिहू नका. रोज किती वाजता किती जणी पायऱ्यांवर बसतात याची महिनाभराची नोंद सोबत जोडा. चार ते पाच या एका तासापासून सुरुवात करा. त्या वेळी थांबणार कोण, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना ते काम देता येईल असे अर्जातच सुचवा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. जाळीच्या दाराची कल्पना आमच्या ग्रंथपाल मॅडमना उद्याच सांगते. नोंद आजपासून सुरू केली. मी सात-आठ मुली म्हटले होते. प्रत्यक्ष नावे लिहिली तेव्हा अकरा झाली.